बिनआरशाचं दुकान

रत्नागिरीच्या बाजारात कापडाची दुकानं पुष्कळ आहेत, पण आरसा नसलेलं दुकान एकच, आमच्या विनूकाकांचं. पूर्वी आरसा होता म्हणे. काकांनी तो काढून शेजारच्या सलूनवाल्याला देऊन टाकला. "आरशात माणूस आपल्याला हवं तेच बघतो," हे त्यांचं कारण. तेव्हा त्यांच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्या नाहीतर शर्टपीस, परीक्षा द्यावीच लागते. कापड हनुवटीखाली धरून गिऱ्हाइकानं दुकानाच्या पायरीवर उजेडात उभं राहायचं. काका रस्ता ओलांडून समोरच्या रिक्षा स्टँडपाशी जाणार, वळणार, चष्मा पुसून बघणार आणि तिथूनच निकाल ओरडणार. निकाल दोनच. रंग नाही शोभला तर "खाली!", शोभला तर "उचल!" मध्ये टेम्पो आला तर टेम्पो जाईपर्यंत निकाल राखून ठेवला जातो.

इतकी वर्षं हे बघून रिक्षावालेही तयार झालेत. "काका, मोरपंखी लावून बघा वहिनींना!" असा सल्ला पलीकडून फुकट मिळतो. काका त्यांना गप्प करतात, पण मोरपंखी काढतातच.

मी पहिल्यांदा गेले ती फिकट गुलाबी साडीवर ब्लाउजपीस घ्यायला. मी चांगली सावळी आहे. गडद रंगात आणखी काळी दिसेन म्हणून आईनं आणि मावश्यांनी मला लहानपणापासून फिकट रंगांतच गुंडाळलं होतं, आणि नोकरी लागल्यावर मीही तेच चालू ठेवलं होतं. काकांनी साडी खांद्यावर घ्यायला लावली, पलीकडे गेले, बघितलं आणि काही न ओरडता परत आले.

"बरं नाही काय गो तुला?"

"मी ठणठणीत आहे."

"मग ही साडी आजारी आहे. हिला ब्लाउज नको, विश्रांती दे."

मला रागच आला होता. पण तोवर त्यांनी पिकलेल्या रतांब्याच्या रंगाचं, ज्याची आपण आमसुलं करतो ना, तसं लालजांभळं कापड माझ्या हातात दिलं होतं आणि पुन्हा रस्त्यापलीकडे पोचलेही होते. "उचल!" असं त्यांनी केवढ्यांदा तरी ओरडून सांगितलं, आणि एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"भाजल्या काजूचा रंग आहे तुझा," परत येऊन काका म्हणाले. "नि तू तो दुधात बुडवून फिरतेस! कोणी सांगितलं तुला असं करायला?"

चाळीस वर्षांत माझ्या रंगाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी ते कापड घेतलं, नंतर त्याच रंगाची साडीही घेतली, आणि ऑफिसात दोन दिवस सगळे मला काय वेगळं केलंस म्हणून विचारत होते.

गोरा आणि काळा हे दोन शब्द दुकानात चालत नाहीत. माणसं तिथे उकड्या तांदळाच्या, फणसाच्या आठळीच्या नाहीतर काजूच्या रंगाची असतात. एकदा एक बाई होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या. मुलीच्या देखतच म्हणाल्या, "मुलगी जरा काळीच आहे, त्यातल्या त्यात बरा दिसेल असा रंग दाखवा." काकांनी फळीवरचं सगळं कापड खालीवर केलं आणि शांतपणे सांगितलं, "त्यातल्या त्यातला रंग संपलाय. तुम्ही जरा बाहेर बसा, मुलीला आत राहू दे." मुलगी झेंडूच्या रंगाचं कापड घेऊन हसत बाहेर आली.

स्वतः काका मात्र वर्षानुवर्षं पाच बिस्किटी शर्ट घालतात. कॉलरी उलटवून घेतलेल्या, कोपरं विरलेली. सगळ्या गावाला रंग दाखवणारा माणूस असा का राहतो, हे मी एकदा विचारलंच.

"ते हिनं निवडलेले," काका म्हणाले. "तेव्हा मी नुसता कापड धरायचो. पलीकडे उभी राहून बघायची ही. खाली नि उचल हे तिचेच शब्द."

काकू जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून गिऱ्हाइकांसाठी काका दोन्हीकडची कामं एकटेच करतात. पण स्वतःसाठी कापड नाही. "मी इकडे असलो की तिकडून मला बघणार कोण?" असं म्हणून ते घडी घालायला लागले.

परवा त्यांच्या बहिणीचा लांज्याहून फोन आला. मी दुकानातच होते, आणि बाई अशा बोलत होत्या की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "दादा, रविवारी भाचीला बोहल्यावर तू घेऊन यायचंयस. फाटक्या कोपराचा शर्ट घालून आलास तर सांगून ठेवते, मी दुसरा मामा उभा करीन!"

काकांनी फोन ठेवला. शिंप्याला कापड आजच द्यायला हवं होतं. त्यांनी फळीवरून बिस्किटी शर्टपीस काढला आणि उजेडाकडे धरून बघितला.

"बाय गो," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा पलीकडे जातेस?"

मी रस्ता ओलांडला. काका स्वतःच्याच पायरीवर, हनुवटीखाली कापड धरून, शाळेत फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे होते. रिक्षावाले खाली उतरून माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी नीट बघितलं. काकूंनी हा रंग निवडला तेव्हा काकांचे केस काळे होते. आता ते पांढरेशुभ्र झालेत, आणि त्या बिस्किटीत त्यांचा चेहरा दिसतच नव्हता. उचल म्हणावं असं फार वाटलं. पण ह्या माणसानं मला खोटं सांगितलं नव्हतं.

"खाली!" मी ओरडले.

त्यांचा हात हळूच खाली आला. मग ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते मोरपंखी घेऊन बाहेर आले, आणि त्या निळ्याहिरव्यावर त्यांचे पांढरे केस, तो गव्हाळ चेहरा, सगळं उजळून निघालं.

"उचल!" मी म्हटलं, आणि माझ्यामागून चार रिक्षावालेही ओरडले, "उचल!"

मी परत यायला निघाले, तर काकांनी हात वर करून थांबवलं. कापड अजून हनुवटीखालीच होतं.

"घाई नको गो," ते तिकडून म्हणाले. "बघ आणखी जरा."

मी तिथेच थांबले, आणि मधून दोन टेम्पो जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.