कावळ्यास दिलेले वचन आणि पेठेचा रस्ता

श्री. पायी चालणाऱ्यांचा कैवारी जो देव, त्यास दंडवत. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, पौष शुद्ध द्वितीयेस पहाटे केरोबा गवंडी यांचे कुटुंब भागीरथीबाई निवर्तल्या आणि ते वर्तमान पेठेत उजाडता उजाडता कळले. समोरचे बाजूस गजराबाई राहत, त्या भागीरथीबाईंच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीण. दारासमोर दार, मध्ये फक्त रस्ता. परंतु दोन वर्षांमागे दरबाराने तो रस्ता मोटारींसाठी चौपट रुंद केला होता आणि तेव्हापासून दोघी आपापल्या दारातून हात हालवून बोलत. वर्तमान ऐकताच गजराबाई अनवाणी निघाल्या आणि रस्त्याचे कडेस येऊन हात वर करून उभ्या राहिल्या, आणि एकही मोटार थांबेना. मग रिक्षा करून, पुलाखालून वळसा घालून त्या पोचल्या, तो तिरडी गेलेली. केरोबा स्मशानातून परतले आणि त्यांस हे कळले. पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिले.

मग दहावा दिवस आला आणि नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर बसून मान वाकडी करून पाहत होता. मुलगा म्हणाला, "आई, नातीचं लग्न थाटात करतो." कावळा ढिम्म. नणंद म्हणाली, "वहिनी, बोरमाळ सुनेलाच जाईल, मी डोळा नाही ठेवायची." कावळ्याने पंख खाजवले. पेठेचे नगरसेवक सरदार शिरपतराव भेटीस आले होते, त्यांस पुढले ठिकाणी जाण्याची घाई, ते पुढे होऊन म्हणाले, "वहिनी, चौकात तुमच्या नावाची कमान उभारतो!" तो कावळा उठून पलीकडील फांदीवर गेला. तेव्हा गजराबाई उसळून म्हणाल्या, "कमान काय तिला चाटायची आहे? भागे, तुझ्या दारातून माझ्या दारात म्हातारं माणूस दमानं चालत येईल, असा रस्ता करू. बोला सरदार, करू म्हणा!" सरदार म्हणाले, "करू वहिनी, महिन्याभरात करू." शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच कावळा झेपावला आणि पिंडास शिवला. मंडळी रडता रडता हसू लागली. केरोबाही हसले, दहा दिवसांत प्रथमच. सरदारांनी आजवर माणसांस पुष्कळ वचने दिली होती, कावळ्यास ही पहिलीच.

मग महिना गेला आणि काही हालचाल नाही. केरोबांस अन्न गोड लागेना, की आपण तिला खोटे बोलून वाटेस लाविले. मग ते धुतलेले धोतर नेसून दरबारी रस्तेखात्यात गेले. तेथील कारभारी म्हणाले, "बाबा, तो रस्ता मोटारींचा आहे. लोक मध्येच चालायला लागले तर वाहतूक तुंबेल." केरोबा म्हणाले, "साहेब, माझी बायको मोटार नव्हती." आणि नमस्कार करून परत आले.

वाटेत गजराबाई भेटल्या, त्यांस सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "भावजी, या मुलखात माणसावर गाडी घालतील, पण रांगोळीवर घालायची छाती कुणाची नाही." मग माघ वद्य पंचमीस पहाटे केरोबांनी पेटीतले सूत काढले, या दारापासून त्या दारापर्यंत ताणून फक्कीने दोन रेघा मारिल्या आणि दोहीं बाजूंच्या बायका रांगोळीचे डबे घेऊन तुटून पडल्या, आणि इकडील कोयऱ्या व तिकडील कमळे मध्यावर एकत्र जाहली. मग मोटारींचे सैन्य आले. आघाडीस दुधाचा टेम्पो होता, तो कचकन थांबला आणि चालक डोके बाहेर काढून म्हणाला, "मावशी, हळदीकुंकू आहे का?"

"नाही रे बाबा, पलीकडं जायचंय."

"मग जा की! रांगोळीच्या जरा कडेनं जा, मी थांबतो."

तो थांबला म्हणून मागील थांबले, आणि जे ओरडले त्यांस टेम्पोवाल्यानेच गप्प केले. ऐसे एकवीस दिवस रोज नवी रांगोळी पडली आणि मोटारी हळू येऊ लागल्या. इकडे सरदारांस बाहेर पडणे मुश्कील जाहले, जो तो म्हणे, "सरदार, कावळा तुमची चौकशी करत होता." घरी त्यांच्या कुटुंबाने ताट वाढले आणि त्या म्हणाल्या, "जेवा, पण मेलेल्या बाईला फसवणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही." सरदार तसेच ताटावरून उठले आणि दरबारी जाऊन बसले, आणि मंजुरीचा कागद घेऊनच उठले.

मग हेमलंबी संवत्सरी वैशाखात काम लागले. रस्ता अरुंद केला, ओलांडावयाची जागा उंच करून फरसबंदी केली, कडेस रुंद पदपथ, बाकडी आणि कडुनिंब. केरोबा सत्तरीत पुन्हा कामावर गेले आणि प्रत्येक फरशी आपल्या हाते बसविली, ठेच लागेल ऐसी कड कोठे ठेविली नाही. काम पुरे होताच गजराबाई पहिल्या निघाल्या. मध्यावर थांबून त्यांनी पदर सारखा केला, चप्पल झटकली, कोणाची तरी विचारपूस केली, आणि दोहीं बाजूंस मोटारी उभ्या. मागून एक म्हातारा ओरडला, "गजराबाई, आता तिथंच संसार मांडता का?" त्या म्हणाल्या, "दोन वर्षं थांबले, आता त्यांना थांबू दे!" मग भाजीवाल्या सावलीत बसू लागल्या, पोरे चालत शाळेस जाऊ लागली, आणि दाराआड बसलेली म्हातारी माणसे बाकड्यांवर येऊन भांडू लागली. मोठी शोभा आली. केरोबा सायंकाळी तेथे बसत आणि कोणी रस्ता ओलांडू लागले की त्याचे पाय पाहत.

ऐसी ही हकीकत. वचन दिले, ते पुरे जाहले, दोन दारे जोडली गेली. चौकापासून दवाखान्यापर्यंत मात्र अद्याप पदपथ नाही. तेवढे काम राहिले आहे.