पास्कलभाऊजी वाळवंटात जातात

आमचे हे गेले त्या दिवशी दारात येणारा प्रत्येकजण विचारत होता, "कसं झालं?" शेजारचे पास्कलभाऊजी आले आणि म्हणाले, "वैनी, गाडीची टाकी किती?"

मला काय माहीत? मी जन्मात कधी तो काटा बघितला नव्हता. त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली, गाडी नेली, काठोकाठ भरून आणली आणि किल्ली होती तिथे लावून ठेवली. "आता चार दिवस पळापळ होणार," एवढंच बोलले. सांत्वन वगैरे काही नाही.

पास्कल तुस्कानो मूळचे वसईचे. इथे कॅनडात, केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं गाड्यांना दारं बसवली. सगळं कॅनडा गॅस म्हणतं, यांचं पेट्रोल ते पेट्रोलच. टाकी अर्ध्यावर आली की यांना घास गिळत नाही. रिटायर झाल्यावर एक दांडगी मोटारसायकल घेतली. रोज सकाळी गराजमध्ये तिला हलवायचे आणि टाकीला कान लावायचे. मी म्हटलं, "अहो, काटा असतो ना तिला?" तर म्हणाले, "काट्यावर काय विश्वास ठेवायचा, वैनी. आवाज ऐकावा."

मागच्या सीटवर रोझी बसायची, त्यांची बायको. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगा नेल्सन अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटापलीकडे एका लहानशा गावात. आईला माती देऊन झाल्यावर दोन दिवसांनी तो पोचला. भाऊजी दारातच म्हणाले, "आता कशाला आलास? ती वाट बघून गेली." पोरगं बॅग न उघडता परत गेलं. तेव्हापासून ना याचा फोन, ना त्याचा.

मागच्या मे महिन्यात भाऊजी एकदम म्हणाले, "वैनी, वाळवंट बघायला जातो. मोटारसायकलवर."

वय एकाहत्तर. मी विचारलं, "नेल्सनकडे का?"

"वाळवंट बघायला," ते म्हणाले.

मग माझ्या डायनिंग टेबलवर नकाशा पसरला. वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर खूण करायची, पण पेनाची खूण त्यांना दिसेना. माझ्याकडे टिकल्यांची पाकिटं पडून होती, ती दिली. अख्ख्या अमेरिकेला त्यांनी माझ्या टिकल्या लावल्या. शेवटच्या दोन टिकल्यांमध्ये मात्र वीतभर नुसता पिवळा कागद. दोनशे किलोमीटर काही नाही. अलीकडची टिकली एका एकट्या पंपाची, पलीकडची नेल्सनच्या गावची. त्या एकट्या पंपावर त्यांनी पाच वेळा फोन केला. रविवारी उघडा असतो का? मालक आजारी पडला तर? शेवटी तो माणूसच म्हणाला, "सर, तुम्ही निघालात कधी?" हे म्हणाले, "सप्टेंबरात निघणार."

आणि निघाले खरंच. प्रत्येक टिकलीवरून मला फोन यायचा. एकच शब्द: "भरली." मीही "बरं" म्हणून ठेवायचे. सहा दिवस असं चाललं. सातव्या दिवशी सकाळी फोन आला नाही. आला तो भर दुपारी.

"वैनी, पेट्रोल संपलं."

संपलं? यांचं? मी त्यांना ओळखते हो. "मग आता?"

"आडवी केली तिला."

आपल्याकडे जुन्या स्कूटरला करायचे ना, पेट्रोल संपलं की बाजूला कलती करायची, तळाचं चार थेंब पेट्रोल पुढे येतं, मैलभर जाते. ती युक्ती यांनी वाळवंटात केली. पण ही गाडी नवी, तिला असले लाड माहीत नाहीत. चालू तर झालीच नाही, वर उचलेनाही. "म्हशीसारखी बसलीय," म्हणाले.

"पाणी आहे?"

"अर्धी बाटली."

"सावली?"

"माझीच."

"नेल्सनचं गाव किती लांब?"

"साठ किलोमीटर." एका क्षणात उत्तर.

"त्याला फोन करते."

"नको हां वैनी. त्याला सांगू नका."

"मग मी येऊ का इथून डबा घेऊन?"

भाऊजी फोन काही ठेवेनात. शेवटी मीच ठेवला. नेल्सनचा नंबर रोझीने कधीतरी माझ्या वहीत लिहून ठेवला होता, तो लावला. पोरगं इंग्लिशमध्येच बोलतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटी, इज ही सिटिंग इन द सन?" मी हो म्हणेपर्यंत फोन कट.

तीन तास मी फोनसमोर बसून. गॅसवरचं वरण करपलं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. नेल्सन ट्रकमधून पेट्रोलचा डबा आणि पाणी घेऊन आला होता. "डॅड, वन, टू, थ्री," म्हणाला, आणि दोघांनी मिळून गाडी उचलली. त्याच्या मागोमाग हे घरी गेले. दोन दिवस राहिले.

परत आल्यावर माझ्याकडे चहाला बसले होते. मी विचारलं, "काय बोललात दोघं?"

"त्याने अंडी केली. मीठ कमी होतं."

"रोझीचं काही?"

"नाही निघालं." मग म्हणाले, "तिचा फोटो लावलाय त्याने. फ्रिजवर. आम्ही दोघं त्याच्याकडे तोंड करून जेवलो."

मला आपलं राहवेना. म्हटलं, "पण तो एकटा पंप बंद निघाला ना शेवटी? एवढे फोन करून."

"उघडा होता."

"मग थांबला नाहीत?"

"थांबलो की. माणूस चांगला. माझा आवाज ओळखला त्याने. कॉफी पाजली."

"आणि पेट्रोल?"

पास्कलभाऊजींनी चहा बशीत ओतला. फुंकर घालत राहिले, तो निवून गेला तरी.

"कॉफी छान होती, वैनी," ते म्हणाले.