जळत्या बर्फाची व फुटल्या हिऱ्यांची हकीकत

श्रीजगदंबेचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहितो. शके १९३८, दुर्मुखनाम संवत्सर. समुद्रकाठी एक राज्य होते. तेथे खबर आली की, सागरतळी जळणारे बर्फ आहे. पाण्याच्या पोटी वायू कोंडून थिजला, तो काडी लाविता पेटतो. महाराज हर्षले, आणि दिवाण अंताजीपंत वाकनीस यांणी "उद्याच खणून काढू" ऐसी गर्जना केली. पंतांची अक्कल काय वर्णावी! परसात विहीर खणविली, ती शेजाऱ्याच्या आडात निघाली. मग महाराजांनी कमळजाबाई टिळवे, परम विदुषी, यांस आज्ञा केली की, खणिता तळ टिकेल की फुटेल, ते शोधून सांगावे. बाईंनी दोन हिरे टोकास टोक भिडवून, मध्ये पाणी व वायू कोंडून, स्क्रू आवळून दाब दिधला, आणि शीत-उष्ण कमीजास्त करीत, बर्फ कोठवर तग धरिते ते सूक्ष्मदर्शकातून पाहू लागल्या. काम निम्मे झाले आणि पंत पाहुण्यांचा लवाजमा घेऊन आले.

"बर्फ कोठे?"

"हिऱ्यांमध्ये. राईहून बारीक आहे."

"मग दाब वाढवा, मोठे होईल!"

"पंत, हात लावू नका. हिरे फुटतील."

"आम्ही अवघे राज्य दाबिले, ते फुटले नाही," ऐसे म्हणून पंतांनी स्क्रू पिळला, आणि हिरे कडाडून फुटले, आणि वायू उडाला, आणि बाईंची मेहनत मातीस मिळाली. पाहुण्यांस ती सलामी वाटली. त्यांनी टाळ्या पिटिल्या.

मग दरबार भरला. पंत बाईंच्या कानी लागले, "तळ टिकेल म्हणा, नवे हिरे देववितो." हिऱ्यांवाचून बाईंचे सारेच अडले होते, तरी त्या उभ्या राहून बोलल्या, "महाराज, तळ टिकेल की फुटेल, मला ठाऊक नाही." महाराज कोपले, बाईंस चाकरीवरून दूर केले, आणि पंतांस 'वज्रमर्दन' किताब देऊन खणण्याचा हुकूम सोडिला.

जहाजे सिद्ध झाली. तेव्हा खलाशांचा म्होरक्या इब्राहीम सारंग मुजरा करून म्हणाला, "हुजूर, बाईंस ठाऊक नाही, ते वज्रमर्दनसाहेबांस ठाऊक असेल, तर त्यांणी पहिले उतरावे. आम्ही मागून आलोच." महाराजांस ते पसंत पडले. पंतांस तत्क्षणी पोटशूळ उठला, आणि मग कोणीच उतरेना.

येणेप्रमाणे खलाशी घरी गेले, बाई परराज्यी नवे हिरे मिळवून त्याच कामास बसल्या, आणि पंत अंथरुणास खिळले. वैद्य म्हणतात, रोग काही नाही. खिडकी उघडून दर्या दाखविला की कळ येते. घडले ते इतुके.