नऊ तबकड्यांची आंघोळ

संध्याकाळी पाच वाजता सुईकाका येणार होते, म्हणून चष्मेवाल्यांनी सकाळी नऊ वाजता आपल्या रेकॉर्ड्स धुवायला काढल्या. तशाच ठेवल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं.

चष्मेवाल्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं आणि घरात जॅझच्या नऊ रेकॉर्ड्स होत्या. नऊच, पण एकेक निवडून घेतलेली, जाडजूड आणि उत्तम प्रतीची. घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी ते त्याच्या हातात रेकॉर्ड देत आणि म्हणत, "बघा, एकशेऐंशी ग्रॅम." (बायको एकदा म्हणाली होती, "ऐकायची वस्तू वजनावर घेतात, हे मला ठाऊक नव्हतं.")

सुईकाका म्हणजे गावातल्या जॅझ ऐकणाऱ्या मंडळाचे प्रमुख. कुठेही गेले तरी रेकॉर्डप्लेअरची स्वतःची सुई डबीत घालून नेत, म्हणून हे नाव. मंडळात खुर्च्या सहाच. त्यातली एक नुकतीच रिकामी झाली होती. ती कोणाला द्यायची, हे काका त्या माणसाच्या घरी जाऊन ठरवत. चष्मेवाले चार वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते.

दुकानात नव्या भिंगांवरचे स्टिकर काढायचं एक निळं औषध असे. दोन थेंब, अर्धं मिनिट, की भिंग लख्ख. रेकॉर्ड भिंगापेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून चष्मेवाल्यांनी टबातल्या कोमट पाण्यात अर्धी बाटली ओतली आणि नऊही रेकॉर्ड्स अर्धा तास भिजत ठेवल्या.

"अहो, ते स्टिकर काढायचं औषध ना?" बायकोनं दारातून विचारलं.

"स्वच्छ करायचं," चष्मेवाले म्हणाले. "स्टिकर निघणं हा त्याचा एक गुण."

अर्ध्या तासानं तो गुण पाण्यावर तरंगत होता. अठरा गोल कागद, लाल, निळे, पिवळे, नावं विरघळलेले. टबाच्या तळाशी नऊ काळ्याभोर तबकड्या. एक झाकावी आणि दुसरी काढावी.

"बाबा, कव्हरं कोरडी आहेत," लेक हळूच म्हणाली.

"कव्हरं आहेत गं. पण कुठल्या कव्हरात कोण?"

"तुम्ही ऐकून ओळखाल ना?"

हे चष्मेवाल्यांना आवडलं. आठ वर्षं ते ऐकत होते. त्यांनी एक रेकॉर्ड पुसून लावली, डोळे मिटले आणि ठामपणे म्हणाले, "सॅक्सोफोन."

लेकीनं कव्हरं पाहिली. सात कव्हरांवर सॅक्सोफोन होता.

खरी अडचण वेगळीच होती. चष्मेवाले रोज दुकानातून आल्यावर आरामखुर्चीत बसत, रेकॉर्ड लावत, डोळे मिटत आणि दुसऱ्या मिनिटाला झोपत. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त त्यांना सोडून. उरलेली रेकॉर्ड एकटीच वाजायची. संपली की बायको ओले हात पदराला पुसत यायची, सुई उचलायची आणि दुसरी बाजू लावायची.

चौथ्या रेकॉर्डपर्यंत चष्मेवाल्यांनी डोकं हातात धरलं होतं. "गेली खुर्ची," ते म्हणाले, आणि हे इतक्या बारीक आवाजात म्हणाले की बायको हातातली भांडी ठेवून बाहेर आली.

"ही टोपीवाल्याची," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आता पियानोवाला खाकरेल."

पियानोवाला खाकरला. लेकीनं ती रेकॉर्ड टोपीवाल्या माणसाच्या कव्हरात घातली.

"पुढची लाव. हं, ही इस्त्रीची. सावकाश आहे, कॉलरी छान होतात हिच्यावर. त्या पुलाच्या चित्राच्या कव्हरात घाल. आणि ही दूध उतू जायची."

"म्हणजे?"

"हिच्यात ड्रमवाला एकटाच वाजवत बसतो. मी ऐकत उभी राहते आणि मागे दूध जातं. अहो, गेल्या वर्षी दोन पातेली जळली, ती कशानं वाटलं तुम्हाला?"

अशा सात झाल्या. उरल्या दोन. "या मला ठाऊक आहेत," चष्मेवाले घाईनं म्हणाले. (माणसाला आपल्याच घरात थोडी तरी अब्रू लागते.) त्यांनी दोन्ही कव्हरांत घातल्या. बायकोनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

पाच वाजता काका डबी घेऊन आले. त्यांची आणि चष्मेवाल्यांची ओळख जुन्या रेकॉर्डच्या दुकानातली, त्यामुळे दोघांनी एकमेकांना जॅझखेरीज काही विचारलं नव्हतं. काकांनी बिनकागदाच्या तबकड्या एकेक करून कव्हरातून काढून पाहिल्या.

"मग कुठली कोणती, हे कसं ठरवलंत?"

"कानानं," चष्मेवाले म्हणाले. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

काकांनी रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरली. "इथे मधल्या गुळगुळीत पट्टीवर नंबर कोरलेला असतो. तोच कव्हरवर छापलेला असतो. ठाऊक असेलच तुम्हाला."

चष्मेवाल्यांनी वाकून पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही. लेकीला सगळं दिसलं.

काकांनी नऊही नंबर पडताळले. "सात अचूक. कमाल आहे. या दोन मात्र उलटसुलट. या दोन कोणी घातल्या?"

चष्मेवाल्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "त्या दोन मी," ते म्हणाले. "बाकीच्या सात हिनं. मला एकही ओळखू आली नाही."

मग काका आणि बायको तासभर खाकरणाऱ्या पियानोवाल्याबद्दल बोलत बसले. चहा चष्मेवाल्यांनी केला. उठताना काकांनी सहावी खुर्ची तिला दिली.

"यांनाही आणलं तर चालेल?" तिनं विचारलं. "कोपऱ्यात झोपतील. त्रास नाही."

"आणा की." काकांनी सुई डबीत ठेवली आणि आवाज खाली आणला. "पण यांना जवळचं दिसत नाही हो. एवढा नंबर दिसला नाही त्यांना. एखाद्या चांगल्या चष्मेवाल्याला दाखवा."

"बघते," बायको म्हणाली. "ओळखीत आहे का कोणी."