काकासाहेबांचा हीटर

यंत्र बिघडलं की लोक मेकॅनिकला बोलावतात, मी बाह्या सरसावतो. त्यातून गरम आणि गार हा तर माझ्या पोटापाण्याचाच विषय. शहाण्णव साली एक परदेशी कंपनी आपल्याकडे फ्रिज बनवायला आली आणि तिने मला पुण्याहून उचलून गुडगावात आणून ठेवलं. तेव्हा एका ट्रकच्या हीटरने मला चारचौघांत तोंडघशी पाडावं, असं काही होईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गुडगाव त्या वेळी अर्धं नकाशावर होतं आणि अर्धं मोहरीच्या शेतात. आमच्या कॉलनीत बावीस घरं. केबलवर चाळीस चॅनेल दिसायचे, कोपऱ्यावर पिझ्झा मिळायला लागला होता, फक्त नळाला पाणी नव्हतं. ते काकासाहेब आणायचे.

काकासाहेब फलटणकडचे. फौजेत ड्रायव्हर होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी लिलावात घेतला, मागे टाकी बसवली आणि चक्करपूरच्या बोअरवेलवरून रोज सकाळी सातला ते पाणी आणू लागले. प्रत्येक घरापुढे ड्रम मांडलेले असत, ते पाइपने भरत जायचं. कॉलनीचा सेक्रेटरी मी होतो. म्हणजे एका मीटिंगला मी गैरहजर राहिलो, तेव्हा बाकीच्यांनी मला करून टाकलं होतं.

डिसेंबरात धुकं पडलं आणि काकासाहेब माझ्या दारात उभे राहिले.

"साहेब, पाण्याला दुसरा माणूस बघा."

"का हो? काय झालं?"

त्यांनी हातमोजे काढून बोटं दाखवली. टोकं काळसर पडली होती. "बर्फातल्या पोस्टिंगला बोटं गेल्यात जमा होती. तेव्हापासून गारठ्यात स्टिअरिंग धरलंय का सोडलंय तेच कळत नाही."

बावीस घरांचं पाणी ज्याच्या हाती, त्याला स्टिअरिंगच कळत नाही म्हटल्यावर सेक्रेटरीने हात झटकून कसं चालेल?

"पण केबिनला हीटर आहे ना?"

"आहे की. आवाज करतो."

"ट्रक रविवारी इथे लावा," मी म्हणालो. "संध्याकाळी बनियनवर घरी जाल."

माझी बायको साधना आतून ऐकत होती. "अहो, गेल्या महिन्यात तुम्ही गिझर दुरुस्त केलात," ती म्हणाली, "तेव्हापासून मी दिल्लीला चुलत्याकडे लक्ष्मीबाई नगरला जाऊन नहाते आहे."

गिझरची गोष्ट वेगळी होती. त्यात वीज असते.

ट्रकचा हीटर म्हणजे फार काही नाही. इंजिनचं गरम पाणी एका नळीने केबिनमध्ये येतं, तिथे छोट्या जाळीतून फिरतं, मागून पंखा वारा सोडतो आणि ते पाणी परत इंजिनात जातं. काकासाहेबांच्या हीटरची जाळी मी उघडली तर आत माती, लेंड्या आणि उंदराचं एक कुटुंब. मी मायापुरीच्या भंगार बाजारातून एका बसचा हीटर आणला. बसचा म्हणजे चाळीस माणसांसाठीचा. तो मी एका माणसासाठी बसवला.

पहिल्या चाचणीला काकासाहेब कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले ते खरोखरच बनियनवर. चेहरा लालबुंद, दोन्ही दारं सताड उघडी.

"साहेब, भट्टी झाली."

आता जास्तीच्या उष्णतेचं काय करायचं? आमच्या कारखान्यात तांब्याच्या नळ्यांच्या तुकड्यांना तोटा नव्हता. मी एका लांब नळीचं वेटोळं करून पाण्याच्या टाकीत सोडलं आणि केबिनमध्ये एक खटका बसवला. खटका उजवीकडे केला की गरम पाणी हीटरला, डावीकडे केला की वेटोळ्यात. रंगाने 'केबिन' आणि 'टाकी' अशी ठसठशीत नावंही लिहिली. दोन दिवसांनी विचारलं तर काकासाहेब म्हणाले, "एक नंबर, साहेब." माझी छाती दोन इंच फुगली.

त्याच आठवड्यात समोरच्या हेमलता आंटी बादली घेऊन आमच्याकडे आल्या. या पंजाबी, सत्तरीच्या, आणि गुडघ्यांनी बेजार. म्हणाल्या, "बेटा, हाथ डालो."

मी हात घातला. पाणी कोमट होतं. बाहेर धुक्यात कावळा दिसत नव्हता आणि ड्रममधून वाफा निघत होत्या.

"सोहना का पानी है ना?" त्यांनी हळूच विचारलं.

सोहन्याला गरम पाण्याचं कुंड आहे, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. त्यात नहालं की सांधे मोकळे होतात अशी तिकडे श्रद्धा. मी म्हणालो, "नाही हो आंटी, हे इंजिनचं..." पण आंटी डोळे मिचकावून निघून गेल्या. त्यांना वाटलं सेक्रेटरीला गुपित ठेवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीला ते गुपित माहीत होतं. तिसऱ्या दिवशी आंटी जिना चढून गच्चीवर गेल्याची बातमी आली. चौथ्या दिवशी पलीकडच्या सेक्टरमधल्या दोन आजीबाई सायकल रिक्षाने रिकामे डबे घेऊन हजर. लोक पाणी जपून वापरू लागले, पाहुण्यांना बाटलीत भरून देऊ लागले. कुणीतरी ते प्यायलंही, आणि त्याचं पोट साफ झालं. त्याचंही श्रेय सोहन्याला गेलं.

मग भार्गवसाहेबांची चिठ्ठी आली. भार्गवसाहेब आमचे अध्यक्ष. तीस वर्षं सरकारी फायली हाताळून निवृत्त झाले होते आणि घरी भाजी आणायलाही लेखी परवानगी देत असावेत. चिठ्ठीत तीन मुद्दे होते. टँकरवाला ठरल्या जागेचं पाणी आणत नाही. कुंडाचं पाणी गंधकाचं, पिण्यास अयोग्य. सबब टँकरवाल्यास काढून का टाकू नये, याचा खुलासा सेक्रेटरीने रविवारी समक्ष करावा.

आता मात्र माझी झोप उडाली. ज्या माणसाला टिकवायला मी हीटर बसवला, त्याच हीटरपायी त्याची रोजी जायची वेळ आली होती.

रविवारी सकाळी दहा वाजता सगळी कॉलनी ट्रकभोवती जमली. मी टाकीवर चढलो, झाकण उघडलं आणि वेटोळं दाखवायला वाकलो. माझी माकडटोपी पिण्याच्या पाण्यात पडली. खालून कुणीतरी म्हणालं, "नोट कीजिए."

टोपी काढली, वेटोळं दाखवलं, सगळी रचना हिंदीत समजावली. भार्गवसाहेब म्हणाले, "अगर ये हीटर के लिए है, तो हीटर दिखाइए." आणि ते स्वतः केबिनमध्ये चढून बसले. काकासाहेबांनी इंजिन चालू केलं. मी खिडकीतून हात घालून खटका थेट 'केबिन'वर केला.

दहा मिनिटं झाली. भार्गवसाहेबांच्या नाकाचा शेंडा निळा पडला. दात वाजायला लागले. वर टाकीच्या उघड्या झाकणातून मात्र मस्त वाफ निघत होती.

"ये हीटर है?" ते कसेबसे म्हणाले.

मी खाली वाकून नळ्या तपासल्या. केबिनची नळी टाकीला आणि टाकीची नळी केबिनला. खटका बरोबर होता, रंग बरोबर होता, नावं उलटी होती. काकासाहेब तीन आठवडे 'केबिन'वर खटका ठेवून कुडकुडत होते आणि कॉलनी त्यांच्या वाटणीच्या उबेने आंघोळ करत होती. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

कॉलनी मात्र हसत सुटली. आंटी सोडून. त्या गुडघे चोळत घरी गेल्या. भार्गवसाहेबांनी शाल गुंडाळून निकाल दिला. काकासाहेब निर्दोष. वेटोळं ताबडतोब काढण्यात यावं.

त्याच दुपारी मी वेटोळं काढलं, हीटरला साधा कमीजास्त करायचा नळ बसवला आणि स्वतः शेजारी बसून चक्करपूरपर्यंत जाऊन आलो. केबिन छान उबदार. काकासाहेबांनी हातमोजे काढून ठेवले होते.

"काकासाहेब, तीन आठवडे गारठलात. मला सांगायचं तरी."

"तुम्ही एवढी मेहनत केली होती," ते म्हणाले, आणि समोर बघत राहिले.

आठवडाभराने ते पुन्हा माझ्या दारात. बोटं ठीक होती, चेहरा पडलेला होता.

"साहेब, ते नळकांडं परत घालता येईल का?"

"अहो, का? हीटर चालत नाही?"

"हीटर चांगला आहे. पण पाणी गार झालं." ते जरा घुटमळले. "गरम होतं तेव्हा घराघरांतून चहा यायचा. आंटी पराठे द्यायच्या. लोक नावाने हाक मारायचे. दोन वर्षांत पहिल्यांदा. आता ड्रम भरून झाला की दार बंद."

"म्हणजे खटका उलटा आहे हे तुम्हाला..."

"दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, साहेब. मीच उजवीकडे ठेवत होतो. बावीस कप चहा पोटात गेल्यावर थंडी कुठली वाजतेय?"

मी कागद-पेन काढलं. मग भार्गवसाहेबांकडे लेखी परवानगी मागायला बसलो, आणि साधनाला माळ्यावरून वेटोळं काढून द्यायला सांगितलं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाली,

"नळ्या नीट बघून ठेवा. या वेळी चूक बरोबर झाली पाहिजे."