भामरे सरांचा राखणदार

भामरे सर नमस्कार करत नसत, मनगट धरत. सत्त्याण्णव साली आम्ही इंदिरानगरच्या सोसायटीत राहायला आलो. मी टेम्पोतून सामान उतरवून घेत होते, तेवढ्यात एका अनोळखी गृहस्थांनी माझं मनगट गच्च पकडलं आणि म्हणाले, "तुम्ही पी-त्रेपन्न. मी एमडीएम-टू. सुटून दाखवा!"

मी किंचाळले. टेम्पोवाला पलंगाची फळी टाकून धावत आला. सर शांतपणे म्हणाले, "बघा, सुटत नाही. आपल्या पेशीत हेच चालतं." आणि हात सोडून भाजी आणायला निघून गेले.

"घाबरू नका, नव्या माणसाला ते प्रथिनं दाखवतात," शेजारच्या बाईंनी सांगितलं, तेही दूधवाल्याची वेळ सांगावी इतक्या सहज. मला तर संध्याकाळपर्यंत अन्न गोड लागलं नाही.

सर मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. चित्रकलेच्या मास्तरांना पेशीचं वेड कुठून लागलं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. एका प्राध्यापकांकडून ते इंग्रजी लेखांच्या झेरॉक्स आणत, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आणि कळेल ते जिन्यात अडवून ऐकवत.

"त्रेपन्न म्हणजे राखणदार. पेशी बिघडली की तिला थांबवतो. दुरुस्त हो, नाहीतर मर, म्हणतो. लय कडक! त्याचं नाव सगळे घेतात. पण त्याला आवरणारा कोण? एमडीएम-टू! त्याने आवरलं नाही, तर राखणदार चांगल्या पेशीसुद्धा मारत सुटेल. आणि फार आवरलं, तर गाठ धरते. आवरायचं किती, सोडायचं कधी, सगळा खेळ तिथं शे!"

रंगात आले की सरांच्या 'आहे'चं असं बागलाणी 'शे' होई.

एकदा माझ्याकडे सत्यनारायण होता. रांगोळी मी काढतो, म्हणाले. हात कलाकाराचा, म्हणून मी खूश. दार उघडून बघते तर उंबऱ्याबाहेर एक हिरवा गोळा एका लाल गोळ्याला गिळतोय, आणि समोर गुरुजी खिळून उभे!

"हे... कोण?" गुरुजींनी विचारलं.

"प्रथिनं," सर अभिमानाने म्हणाले.

गुरुजी धोतर सावरून भिंतीकडेने आत आले. पूजेत ते दोनदा चुकले, आणि मला त्यांना काही बोलायचं तोंड राहिलं नाही.

मग दोन हजार तीनमध्ये आईचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला. कॅन्सर. आमच्याकडे अशा वेळी करतात तेच आम्ही केलं. आईला सांगितलं, अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल. भाऊ तिला रोज विनोद सांगू लागला, मी दिवसभर हसरा चेहरा करून वावरू लागले. रिपोर्टमधलं काही कळेना, म्हणून फाइल तेवढी सरांकडे नेली. त्यांनी नीट समजावून सांगितलं. निघताना मी म्हटलं, "सर, आईला एक अक्षर कळता कामा नये. माझी शपथ आहे." ते काहीच बोलले नाहीत. मी तो होकार धरला.

तीन महिन्यांनी मी बँकेतून घरी आले, तर आई पलंगावर ताठ बसलेली. म्हणाली, "मला कॅन्सर आहे. सरांना विचारलं, त्यांनी सांगितलं."

पर्स तशीच खांद्याला, मी तरातरा सरांच्या घरात शिरले. ते स्वयंपाकघरात चहा करत होते.

"लाज नाही वाटली तुम्हाला? शपथ घातली होती मी!"

सरांनी गॅस बंद केला. त्या दिवशी प्रथिनांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. फळीवरच्या डब्यांकडे बोट दाखवलं. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी, बायकी अक्षरात. जिरे. मोहरी. ओवा. कारळे.

"आमच्या हिलाही अल्सरच सांगितला होता, ताई. तिच्यासमोर मी रोज हसायचो. एक दिवस ती डब्यांना चिठ्ठ्या लावत बसली. म्हटलं, कशाला गं? तर म्हणाली, कामवालीला सापडत नाही." त्यांनी ओव्याच्या डब्यावरची सुटलेली चिठ्ठी दाबून बसवली. "आमच्याकडे कामवाली नव्हती. मला जिरं आणि ओवा ओळखता येत नाही, म्हणून लावत होती. तिले बठ्ठं, सगळं माहीत व्हतं. आणि मी विनोद सांगत होतो."

मी उभीच राहिले.

"ती गेल्यावर वाचायला लागलो. काय झालं होतं तिच्या आत, ते तरी कळावं. तिच्याशी बोललो नाही, म्हणून आता दिसेल त्याच्याशी बोलतो." मग त्यांनी कारळ्यांचा डबा पुसून जागेवर ठेवला. "मी कारळं खात नाही. पण संपू देत नाही. तिनं लिहिलंय ना."

मी भांडायला गेले होते. चहाही न पिता परत आले.

आई तशीच बसून होती. मी तिच्या पायाशी बसले. चेहरा हसरा करायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"आई, खूप दुखतं का गं?"

"हो," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तीन महिने वाट बघत होते, कोणी विचारतंय का."