घोडीचं नाव मोती

आमच्या खालच्या मजल्यावरचे हुद्दारअण्णा रोज सकाळी भांडतात. समोर कुणी नसतं. भांडण असतं दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या खापरपणजोबांशी. "त्र्यंबकराव, लाज नाही वाटली?" ही त्यांची भूपाळी. मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरात राहायला आले तेव्हा मला वाटलं, घरात कुणी म्हातारा असेल बिचारा, रोज बोलणी खातोय.

अण्णा निवृत्त ड्राफ्ट्समन. हॉलच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या कागदावर वंशावळ काढून लावलीय, एखाद्या यंत्राचा नकाशा काढावा तशी. सगळ्यात वर बेळगावहून बेंगळुरूच्या छावणीत कारकुनीला आलेले त्र्यंबकराव. शेजारी त्यांच्या बायकोचा चौकोन, रिकामा. ते एक नाव मिळावं म्हणून अण्णा तीन वर्षं जिवाचं रान करताहेत. नाशिकच्या उपाध्यांची वही पाहून झाली, तिच्यात पुरुषच पुरुष. मग बेळगावच्या चुलतभावाकडे त्र्यंबकरावांचं मोडी पत्र सापडलं. ते कुणाकडून तरी वाचून घेऊन अण्णा थेट आमच्या दारात.

"ऐक गं. 'मोती घोडीचा पाय सुजला आहे. मोतीस रोज लेप लावितो. कुटुंबास ताप आहे.' सरी, ठीक, पुढं? पुढं काही नाही! घोडीला नाव आहे, आणि बायको नुसती कुटुंब!"

चुलतभाऊ फोनवर समजावू लागला, "अण्णा, वंश पुरुषांचा चालतो. बायकांची नावं कशाला?"

"मग सहा पोरं काय त्र्यंबकरावानं एकट्यानं काढली?" अण्णांनी फोन सोफ्यावर आपटला.

परवा मात्र मीच चिडले. भिंतीकडे नीट पाहिलं, तर सगळ्यात खाली अण्णांच्या शेजारचा चौकोनही कोराच. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. नाव मलाही माहीत नव्हतं, याचा राग आणखी वेगळा. माझं डोकंच सणकलं.

"मेलेल्या माणसाशी रोज भांडता, आणि स्वतःच्या बायकोचं नाव लिहायला हात झिजतो का तुमचा?"

आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. पण अण्णा खुर्चीत बसले.

"लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं. तिला विचारलं नाही. चाळीस वर्षं तीच हाक. शेवटी हॉस्पिटलात मी सुनंदा, सुनंदा करतोय, डोळे उघडेना. तिची बहीण आली, 'चंपे' म्हणाली. स्वल्प उघडले बघ."

त्या कागदाला अण्णा कुणाला बोटही लावू देत नाहीत. त्यांनी आपलं काळ्या शाईचं पेन माझ्या हातात दिलं.

"चंपा. तू लिही. माझ्या हातानं ते एकदा पुसलंय."